पायरीवरचा डाग

१२ मे १७४२, हार्लेम
लायडनचं कॉलेज अर्ध्यात सोडलं ते बरंच झालं. प्राध्यापकाशी भांडलो, पेटी उचलली आणि होडीने इथे येऊन उतरलो. योरिसबास (इथे उस्तादाला बास म्हणतात) तांब्याच्या पत्र्यावर शहराची चित्रं कोरून छापतात. त्यांच्या हाताखाली राहिलोय. माझी खिडकी कालव्यावर उघडते. समोरच्या घरी हिल्ये कामाला आहे, माझ्या लहानपणीची शेजारीण. मी हार्लेमच का निवडलं, ते बासांना सांगितलेलं नाही. ते म्हणाले, लॅटिन खूप झालं, आता हेरिंग मासेवालीच्या टोपीची चुणी काढून दाखव, मग शहाणा म्हणेन.

२० मे
घरं, पूल, मनोरा बासांचे, माणसं माझी. त्यांचा नेम असा, की माणूस याच गल्लीतलं हवं आणि जितंजागतं. लोक स्वतःला शोधायलाच चित्र विकत घेतात म्हणे. म्हणून दिवसभर बघत बसणं हेच काम. हेरिंगवाली मासा चिरला की डोकं मांजरापुढे टाकते आणि वर मांजरालाच शिव्या घालते. जळणाच्या होडीवरचा नावाडी दर वेळी स्वतःच्याच दोरात अडखळतो. इतकं सगळं रोज घडतं, आणि मी पुस्तकांत काय शोधत होतो कुणास ठाऊक. पायरी घासताना हिल्ये जीभ दातांत धरते. तेही कोरलं, सुईच्या टोकाएवढं.

२ जून
पाववाला रूलोफ रोज तिच्या पायरीशी रेंगाळतो. बास म्हणाले, त्यालाही घे, त्या दोघांवाचून ही गल्ली कसली. घेतला. छाप बघायला हिल्ये आली. लग्न झालं की स्वयंपाकघरात लावीन म्हणाली. आमच्या येड्याचं नाक तेवढं सरळ कर रे दादा, म्हणाली.
दादा.
ती गेल्यावर पातं घेतलं आणि रूलोफला पत्र्यावरून खरवडून टाकलं.

३ जून
रूलोफ आला नाही. त्याची टोपली पुलावर सापडली, पाव अजून गरम होते. कालव्यात गळ टाकून शोधताहेत. मी खिडकी लावून घेतली.

९ जून
नव्या छापात रूलोफच्या जागी काळपट डाग. बास भडकले. गाढवा, खरवडलं की पत्रा खोल जातो, मागून ठोकून वर आणायचा असतो, नाहीतर खड्ड्यात शाई साचते. मीच दुरुस्त करतो म्हणालो.
हिल्ये येऊन गेली. पायरीवर एक जागा वाळतच नाही म्हणे, कितीही पुसली तरी. तिथे उभं राहिलं की ताज्या पावाचा वास येतो. डोळे सुजलेत तिचे. तेव्हाच सांगायला हवं होतं.

११ जून
त्याच खड्ड्यात रूलोफला परत कोरतोय. टोपली जमली, टोपी जमली. चेहरा आठवत नाही. मी तो कधी बघितलाच नाही, फक्त तिच्या खांद्यावरचा हात—
छाप काढला. चेहरा माझा आलाय.

१२ जून, सकाळ
पायरीवर कुणीतरी टोपली घेऊन उभा. पाठमोरा. हिल्ये हसत धावत बाहेर आली. तो वळला. तिच्या हातातली बादली सुटली.
मग तिने वर बघितलं, माझ्याकडे. पुन्हा त्याच्याकडे—

दुपार
बासांनी पत्रा पाहिला. हा रूलोफ नव्हे, कुणी भलताच घुसलाय, म्हणाले; नखाएवढ्या उलट्या चेहऱ्यात मला ओळखलं नाही. खाली बसून स्वतः खरवडताहेत. मी हाका मारल्या. त्यांनी मान वर केली नाही.
डावा हात आता दिसेनासा—
बास कच्चं काम करत नाहीत. मागून हातोडी सुरू झाली. डागसुद्धा नाही उरणार.
एवढं तरी तिला— हिल्ये, तुझ्या रूलोफला मी—