सहा सुती साड्या

लातूर, रविवार, संध्याकाळ

बॅग आज तीनदा भरली, तीनदा उपसली. चेन लागतच नाही. लेक-जावई आम्हाला नॉर्वेला जहाजाच्या सफरीवर नेणार आहेत. लेक फोनवर बजावते, "बाबा, तिथं तासात ऊन, तासात बर्फ. एकच जाड कोट नको, पातळ कपडे एकावर एक घाला." तेही पटलं. पण बायकोने, सुमनने, तळाला सहा सुती साड्या कोंबल्यात!

शेवटी ओरडलोच, "अगं, बर्फात सुती साड्या कशाला? काढ त्या."

"न्हाई काढणार. भूकंपात चार दिवस एका ओल्या साडीवर काढलेत मी. तुम्ही होता नांदेडला, शाळेवर."

पुन्हा चेन ओढत बसलो. नंतर देवापुढे बसलो, पण मन लागेना. राग तिचा आला की स्वतःचा, तेच कळेना. भूकंपानंतर गावी पोचलो तेव्हा घर किती पडलं, कोण वाचलं, सगळं विचारलं होतं. नवी नवरी होती ती. तिच्या अंगावर काय आहे, हे मात्र पाहिलंच नव्हतं.