परत आणलेलं वाण

बाई, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुडगावच्या ऑफिसात होते. तेव्हा आम्ही गुडगावच म्हणायचो. रडले नाही. मनात पहिलं काय आलं ते सांगते, तुमच्यापुढे आता कसली लाज? सुटले एकदाची, असं आलं. मग मेट्रो पकडून मयूर विहारला तुमच्या घरी आले, तुमच्या पायाला हात लावला, जमलेल्या बायकांना चहा करून दिला. सगळ्या म्हणाल्या, किती जीव होता हिचा बाईंवर. मी मान खाली घालून कप विसळत राहिले.

जीव होताच म्हणा, पण भीती जास्त होती. दर रविवारी तुमच्या दोन खोल्यांच्या घरात दिल्लीत वाढलेल्या आम्हा सात-आठ पोरांचा मराठीचा वर्ग भरायचा. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसायचो, कारण तुम्हाला एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असायच्या. तोंडातून एक 'अच्छा' निघाला की तुम्ही उलथन्याची मूठ डोक्यात हाणायचात. एकदा मी रडायला लागले तर म्हणालात, "हिंदीत काय रडतेस? आई गं म्हणून रड." सगळी पोरं खदाखदा हसली. मी नऊ वर्षांची होते, आणि त्या दिवशी ठरवलं की एक ना एक दिवस या बाईला चार लोकांत रडवीन. लहानपणी माणूस काहीही ठरवतं. माझं वाईट हे की मी विसरले नाही.

त्याच वर्षीची संक्रांत. तुम्ही हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटत होतात, आणि मला विचारलंत, वाण म्हणजे काय गं? मी म्हटलं, गिफ्ट. तुमचा चेहरा असा झाला की जणू मी वाटीत थुंकले. "गिफ्ट दुकानात जाऊन बदलून मिळतं. वाण एकदा हातातून सुटलं की आपलं नाही. ते परत मागणाऱ्या बाईचं मी तोंड बघणार नाही. पन्नास वेळा लिहून आण." मी लिहून आणलं. अक्षर वाईट म्हणून तुम्ही वही फाडलीत आणि पुन्हा लिहायला लावलंत. म्हणजे बाई, मी हे शंभर वेळा लिहिलेलं आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पुढे मी बँकेत लागले आणि तुम्ही फाउंडेशन चालवायला घेतलंत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मराठी कारखानदारांनी बायको गेल्यावर तिच्या नावानं काढलेलं, मोठी रक्कम मुदत ठेवीत, आणि तिच्या व्याजातून दर संक्रांतीला तुमच्या घरामागच्या वस्तीतल्या पंचवीस बायकांना पायाचं शिलाई मशीन. तिळगूळ, हळदीकुंकू, मशीन, फोटो. विधवा बायकांनाही तुम्ही स्वतः कुंकू लावायचात आणि कारखानदारांच्या सुना नाकं मुरडायच्या. मला तुम्ही शनिवारी मदतीला बोलावलंत. "तुला आकडे कळतात, माणसं कळत नाहीत. माझं उलटं आहे. ये." असलं आमंत्रण तुम्हीच द्यावं.

तेवढ्यात गुडगावच्या एका हॉटेलात मी दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले आणि डोक्यात वारं भरून आले. दान देऊन हात झटकायचे दिवस गेले, फाउंडेशननं ठेवीतला काही भाग अशा धंद्यात घालावा की जिथं लोकांचं भलं होतं आणि पैसाही परत येतो, मग तोच पुन्हा दुसरीकडे घालावा. मी चकचकीत फोल्डर तुमच्यापुढे टाकला. तुम्ही चष्मा पुसलात. "ऐकायला गोड आहे. आधी मागच्या संक्रांतीची पंचवीस घरं फिरून ये. मशीन काय करतंय ते बघ, आणि तिथं तोंड उघडू नकोस." फिरले. एका घरात मशीनवर टीव्ही, एका घरात पिठाचा डबा, कुठं मशीनच नाही, मुलीच्या लग्नात गेलेलं. चालू असलेलं मोजून चार ठिकाणी. आणि हे मी तुम्हाला एकटीला सांगितलं नाही, बाई. भर बैठकीत, कारखानदार, त्यांचा मुलगा, सुना, सगळ्यांसमोर एकेक घर वाचून दाखवलं, आणि शेवटी म्हणाले, "बाईंनी इतकी वर्षं फर्निचर वाटलं." सुना पदरात तोंड घालून हसल्या. मी तुमच्या डोळ्यांकडे बघत होते, पाणी येतंय का.

तुम्ही म्हणालात, "खरं आहे. चुकलं माझं. आता शिकव मला."

माझी सगळी मजाच गेली. सत्तरी गाठलेली बाई पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसली आणि माझे फोल्डर ओळ न ओळ वाचायला लागली. ऑडिटरकडे जाऊन तुम्हीच विचारून आलात की ट्रस्टला कुणाच्या धंद्यात भागीदारी चालत नाही, पण गरजू बायकांना हप्त्यानं मशीन देणं उद्देशात बसतं. रोज तुमची नवी शंका. तिचं काम कोणत्या महिन्यात मंदावतं? तिला पैसे कोण देतं आणि किती उशिरा देतं? मी म्हणायचे, बाई, किती वेळा तेच तेच समजवायचं, यार! उलथनं आता माझ्या हातात होतं, आणि मी ते मनसोक्त चालवलं.

त्या चार चालू मशीनवाल्यांतली एक त्यानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी गुडगावच्या पुढे, मानेसरला राहायला गेली होती. बैठकीत आम्ही तिला मानेसरवालीच म्हणायचो. तिथं एका खोलीत सहा बायका गोळा करून ती ठेकेदारासाठी गाड्यांची सीट कव्हरं शिवत होती. मी कारनं जाऊन, वीस मिनिटं थांबून तिला बघून आले. तुम्ही मेट्रो, बस आणि शेअर ऑटो करत गेलात आणि अख्खा दिवस तिच्याकडे धागे कापत बसलात, आणि परत आल्यावर तुमचं मत झालं की हिच्यापासून सुरुवात करू या. फाउंडेशननं तिला सहा मोटरची मशीनं घेऊन दिली, हप्ते फिटेपर्यंत आपल्या नावावर. करारात मी कलम घातलं होतं, दोन हप्ते चुकले की मशीनं परत. तुम्ही ते पेन्सिलीनं खोडलंत आणि बाजूला लिहिलंत, 'ठेकेदारानं पैसे दिल्यावर तिनं द्यावे.' टाइप करताना मी माझं कलम परत घातलं. तुम्ही विश्वासानं सही केलीत.

मग तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही तीन-चार महिने पुण्याला बहिणीकडे राहिलात. इकडे गाड्यांची मागणी बसली, ठेकेदारानं हात वर केले, आणि तिचे दोन हप्ते चुकले. मी टेम्पो घेऊन मानेसरला जाते. ती दारात उभी आहे, हातात कात्री तशीच. "मॅडम जी, तीन महीने दे दो. ठेकेदार ने किसी को नहीं दिया. बाई जी से बात करा दो एक बार." मी म्हणते, "बाई जी बीमार हैं. कागज पे साइन आपके हैं." तिला ताटकळत ठेवायला मला बरं वाटतंय, हे लिहायलाच हवं. हमाल एकेक मशीन उचलतात. खिडकीखाली तिचं जुनं काळं पायाचं मशीन आहे, तुम्ही संक्रांतीला दिलेलं, चाकाशेजारी हळदीकुंकवाची बोटं अजून दिसतात. ती विचारते, "ये भी?" मी पाहिलं ते बाई, नीट पाहिलं. आणि म्हटलं, "सब." तिनं सुईखालून अर्धवट शिवलेला लहान मुलीचा फ्रॉक काढला, झटकला, घडी घातली आणि बाजूला झाली.

तुम्ही काठी टेकत परत आलात तेव्हा फाउंडेशनच्या खोलीत सात मशीनं ओळीनं उभी होती. तुम्ही फक्त काळ्यापाशी थांबलात. सगळे होते तिथं, सुनासुद्धा. "वाण परत आणलंस?" मी कराराचं बोलायला लागले. "चूप! एवढी घोडी झालीस, दोन वह्या भरून लिहिलंस, आणि वाण परत आणलंस? सहा मोटरवाल्यांचं मी बघते. हे काळं तू स्वतः उचल, आत्ताच्या आत्ता नेऊन दे, आणि तिच्या पाया पड." माझ्या हाताखालच्या दोन पोरी हे ऐकत होत्या. मी मशीन स्टँडवरून काढून छातीशी धरून कारपर्यंत नेलं, स्टँड त्या पोरींनी आणला, माझ्या कुर्त्याला तेल लागलं, आणि रागानं माझे दात एकमेकांवर आपटत होते.

मी गेले होते, खरंच. तिच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ती आता कारखान्यात लाइनवर लागली आहे, कंपनीची बस सहाला सोडते, बैठ जाओ. तेव्हा साडेचार वाजले होते. दीड तास. मला पाचला बँकेचा एक फोन होता, तो तसा कुणीही घेतला असता. मी परत फिरले. वाटेत तुमचा फोन आला.

"दिलंस?"

"दिलं."

"काय म्हणाली?"

"हसली. तुमची चौकशी केली."

तुम्ही म्हणालात, "शाबास." रविवारच्या वर्गापासून तोवर तुम्ही मला शाबास म्हटलेलं नव्हतं. तेवढं एकच.

पुढच्या बैठकीला तुम्ही वही घेऊन आलात, नव्यानं सुरुवात कशी करायची ते लिहून. ठेवीतला लहानसाच भाग घ्यायचा, बुडाला तरी संक्रांत थांबणार नाही इतका. पहिलं वर्ष काही मागायचं नाही. तिचा धंदा ज्या गतीनं चालतो त्या गतीनं हप्ता. आपण शिकायला गेलोय हे विसरायचं नाही. "आणि इथं त्यांच्यातली एक बाई बसली पाहिजे. मानेसरवालीला बोलवा. तिचं मशीन तिला मिळालंय, राग गेला असेल. मीच पत्र घालते." कारखानदार म्हणाले, बिल्कुल, बोलवा. ती आली असती तर पहिल्या वाक्याला माझं सगळं उघडं पडलं असतं. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. आजाऱ्याशी बोलतात त्या आवाजात म्हटलं, "बाई, ती तर कायमची बिहारला गेली. मी सांगितलं होतं की तुम्हाला. दोनदा."

"कधी?"

"अच्छा, म्हणजे आठवत नाही?"

त्या अच्छावर तुम्ही मला टोकलं नाहीत. वर्गातल्या एकेका पोराची जीभ कुठं अडते ते पाठ असलेली बाई, माझ्याकडे बघत राहिली, मग वहीकडे, मग कारखानदारांकडे. "सांगितलं असेल," म्हणालात. तुमचे डोळे भरून आले. चार लोकांत. कारखानदारांनी मुलाकडे पाहिलं, आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला शाल आणि नारळ देऊन निरोप दिला. भाषण मी केलं.

त्यानंतर तुम्ही सगळं चिठ्ठ्यांवर लिहायला लागलात असं शेजारणी सांगायच्या. गॅस बंद केला. दूधवाला येऊन गेला. तुम्ही गेलात त्या दिवशी कप विसळताना मी तुमचा फ्रिज पाहिला, चिठ्ठ्यांनी भरलेला. मधोमध एक, तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. 'मानेसरवाली बिहारला गेली. हिनं दोनदा सांगितलं होतं. पुन्हा विचारून हिला त्रास देऊ नये.' ती मी काढून पर्समध्ये टाकली.

आता मला भाषणांना बोलावतात. फाउंडेशनांची तरुण पोरं-पोरी विचारतात, मॅम, सुरुवात कशी करायची? मी तुमची वही वाचून दाखवते. लहानसा भाग, पहिलं वर्ष काही मागू नका, त्यांच्यातली एक बाई बैठकीत बसवा. माझी म्हणून वाचते. टाळ्या पडतात. मानेसरवालीची गोष्टही सांगते, त्यात मी मशीन परत नेऊन देते आणि ती हसते.

काळं मशीन माझ्याकडेच आहे, बाई. चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत. त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी आहे. हे पत्र त्याच्या खणात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवू? तिची कंपनीची बस अजून सहालाच येत असेल, आणि आज रविवार आहे, उद्या मी जाईन असं मी इथं लिहिणार होते. नाही लिहीत. एवढंच लिहिते की तुम्ही काही विसरला नव्हतात. मी तुम्हाला एकदाही सांगितलं नव्हतं.