कोरी दोन मिनिटं

मंगळवार, ३ फेब्रुवारी १९८१. शिकागो

ऐंशी माणसं, ऐंशी पेन्सिली. ऑर्केस्ट्रातला माणूस एक वेळ वाद्य घरी विसरेल, सुरांच्या पानावर खुणा करायची पेन्सिल नाही.

माझी रचना अठरा मिनिटांची. आठ महिने खपून लिहिली. मधली दोन मिनिटं मात्र मुद्दाम कोरी ठेवली — पानावर फक्त 'मनाला येईल ते वाजवा'. पहिला हात वर झाला ट्रॉम्बोनवाल्याचा.

"कोणता सूर?"

"तुमच्या मनातला."

"तो कुठे लिहिलाय?"

सहा-सहा वर्षं संगीतशाळेत घालवून आलेली ही मंडळी. पिंजऱ्याचं दार उघडलं, तर पोपट विचारतो — आधी कुठला पाय टाकू?

शेवटी मीच सॅक्सोफोन काढला आणि दोन मिनिटं वाजवून दाखवलं. हे असं. मोकळं. सगळे आदराने ऐकत होते. आदर वाजवता येत नाही, ही अडचण.

बुधवार, ४

आज कोऱ्या जागेत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. एका सेलोवाल्याने चुकून तार छेडली आणि लगेच माफी मागितली. पुन्हा मीच वाजवलं. माझा शेवटचा सूर विरायच्या आत निम्म्यांचे हात कोटाच्या बाह्यांत! सरावाची वेळ संपली, युनियनचा नियम.

कंडक्टर हॅलोरनने बाजूला घेतलं. "टॉलिव्हर, शनिवारच्या सरावात ही दोन मिनिटं बसली नाहीत, तर तुमची रचना कार्यक्रमातून काढावी लागेल. तिच्या जागी काहीतरी जुनं घेऊ."

जुनं म्हणजे मेलेल्याचं. मेलेले सोयीचे असतात, सरावाला येत नाहीत.

गुरुवार, ५

सुट्टी. डेल्मारकडे लाल घेवडा आणि भात. डेल्मार माझा ड्रमर, दिवसा पोस्टात पत्रं निवडतो. अकरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या तळघरात वाजवतोय. चाळीस खुर्च्या, बारा श्रोते, त्यातले तीन ऊब मिळते म्हणून आलेले.

"लिहून देऊ का रे त्यांना सूर?" मी विचारलं.

"दे की."

"मग माझ्यात आणि लग्नात वाजवणाऱ्यांत फरक काय?"

"त्यांना जेवण मिळतं," म्हणाला आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

नाही लिहिणार. रचना गेली तर त्या सभागृहात मला पुन्हा कोणी बोलावणार नाही, शहराच्या दक्षिणेकडच्या आमच्या काळ्या वस्तीतल्या दुसऱ्या कुणालाही नाही. ठाऊक आहे. तरी नाही.

शुक्रवार, ६

तिसऱ्यांदा वाजवलं. बासून वाजवणारी आयरीन कोवाल मान खाली घालून पेन्सिलीने काहीतरी खरडत होती. शब्दकोडं असणार.

शनिवार, ७

शब्दकोडं नव्हतं. आज तिने सगळ्यांना एकेक पान वाटलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. साठीची बाई, डोळे भरलेले. "मिस्टर टॉलिव्हर, आमच्यासारख्या ठोंब्यांसाठी तुम्ही तीन दिवस न कंटाळता तेच वाजवून दाखवलंत. तेच सूर, त्याच क्रमाने. आमचे मोठे सरसुद्धा दुसऱ्यांदा ओरडायचे."

म्हटलं, बाई, तीन दिवस वेगवेगळं वाजवलं मी. ती समजूतदारपणे हसली. तीस वर्षं बासूनमध्ये फुंकलं की कान जात असावेत.

हॅलोरन खूश. ऐंशी जणांनी पानावरून धडाधड वाजवलं आणि दोन मिनिटं बसली. रचना राहिली. उडता पक्षी धरून, पेंढा भरून, भिंतीला लावला. मीही मान डोलावली. उद्या दुपारी तीनला कार्यक्रम आहे, आणि मलाही शेवटी त्या सभागृहात पोचायचंच होतं.

रविवार, ८

डेल्मार माझ्या शेजारी बसला होता, पोस्टाच्या गणवेशावर टाय लावून. सरावाला तो एकदाही आलेला नाही, ते पान त्याने पाहिलेलं नाही. ती दोन मिनिटं सुरू झाली आणि त्याची बोटं गुडघ्यावर ठोके देऊ लागली — प्रत्येक वळण यायच्या जरा आधी. एकही चुकला नाही.

"कधीपासून हेच वाजवतोय मी?" मी हळूच विचारलं.

"पहिल्या वर्षापासून," तो म्हणाला. "आता ऐक, छान जागा येतेय."