जोडणीचा नवा वर्ग रद्द करण्यास नकार देत असल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
गोदातीर प्रादेशिक नळपाणी योजना,
अहिल्यानगर.

विषय : संगणकीय आराखड्यातील ‘जुनी जलवाहिनी’ हा वर्ग काढून टाकण्यास नकार व नोटिशीचा खुलासा.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, दि. १०/०२/२०२५.

महोदय,

मी जरीना मुजफ्फर तांबोळी, आपल्या कार्यालयात कंत्राटी संगणक चालक आहे. खुलाशासाठी सात दिवस दिले होते. आज सातवा दिवस आहे.

१. माझ्याविरुद्ध आरोप असा की, घरगुती, बिगरघरगुती व संस्था हे नळजोडणीचे तीन मंजूर वर्ग असताना मी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय चौथा वर्ग निर्माण केला. त्याचे लाभार्थी किती, अशीही विचारणा आहे. लाभार्थी शून्य आहेत, कारण तो वर्ग नळधारकांचा नाही. ज्या प्रणालीत आपण आराखडे करतो, तीत टाकी, पंप, नळ या वस्तू पडद्यावर मांडून रेघांनी जोडतात. प्रत्येक रेघ कुठल्या तरी क्लासची असते आणि ती कशी वागेल याचे नियम त्या क्लासमध्ये लिहिलेले असतात. अहवाल मराठीतच द्यावा असा कार्यालयाचा आदेश असल्याने मी रेघांच्या या ‘कनेक्शन क्लास’ला ‘जोडणीचा वर्ग’ असे लिहिले. आदेश पाळल्याबद्दल नोटीस मिळण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे.

२. वर्ग का करावा लागला, तेही सांगते. प्रणालीतील तयार रेघ एका टोकाला शिरलेले पाणी दुसऱ्या टोकाला जसेच्या तसे पोहोचवते. त्यामुळे पुणतांबा शिवारातील खळवाडी वस्तीला आपल्या आराखड्यात रोज दीड तास पूर्ण दाबाने पाणी आहे. जानेवारीत मी नोंदी घ्यायला तेथे गेले, तेव्हा भागूबाई या वृद्ध बाईंनी मला नळाखाली ठेवलेला हंडा दाखवला. तळही नीट भिजला नव्हता. त्या म्हणाल्या, “तुमच्या कागदात लई पानी हाय बाई. तो कागदच पिळून दे मला.” आराखडा माझ्याच हातचा होता.

३. त्यानंतर योजनेचे लाइनमन बिभीषण यांच्याबरोबर मी सहा ठिकाणी दाब मोजला. मूळ रेघेवरूनच मी ‘जुनी जलवाहिनी’ हा नवा वर्ग तयार केला आणि त्यात लांबी, व्यास, चढ व गळती हे गुण घातले. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की रेघ लाल व्हावी, असा नियम लिहिला. पाच टप्प्यांत संगणकाचे गणित व आमचे मोजमाप जुळले. फक्त रस्त्याखालची मोरी ते शाळा या टप्प्यात जुळेना. तेथे नळीचा व्यास नोंदवहीत चार इंच आहे. मी दीड इंच घालून पाहिला, तेव्हा मोजमाप बरोबर जुळले आणि पुढची सगळी वस्ती पडद्यावर लाल झाली.

४. दि. ४ फेब्रुवारी रोजी ग्रामसेवकांच्या समक्ष त्या टप्प्यात खोदले. बिभीषण खड्ड्यातूनच ओरडले, “म्याडम, दीडचीच हाय वं!” जुन्या दुरुस्तीत कोणीतरी तीस फूट दीड इंची नळी जोडून वर माती लोटली होती. ती त्याच दिवशी बदलली. दुसऱ्या सकाळी वस्तीच्या शेवटच्या नळाला पाणी आले. मी तिथे उभी होते. भागूबाईंनी पहिला हंडा भरला आणि माझे दोन्ही हात पाण्याखाली धरले.

५. एवढे झाल्यावर सहाव्या दिवशी नोटीस आली. दि. १३ रोजी मी उपअभियंता साहेबांना सर्व पडद्यावर दाखवले. त्यांना ते समजले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. तरीही ते म्हणाले, “तुमचं बरोबर असेल, पण नोटीस निघालीय. वर्ग काढा, माफीनामा द्या, विषय संपवू. वर लाल रेघा पाठवायच्या नसतात.”

६. महोदय, माफीनामा मी देणार नाही. वर्गही काढणार नाही. तो काढला की खळवाडीखेरीज इतर गावांत नसलेले पाणी पुन्हा आराखड्यात वाहू लागेल, आणि त्याखाली माझे नाव असेल. कार्यालयास तो नकोच असेल तर प्रणालीचा पासवर्ड सोबतच्या बंद पाकिटात आहे. ज्या अधिकाऱ्यांना वर्ग काढायचा आहे त्यांनी तो स्वहस्ते काढावा व तसे लेखी सही करून द्यावे. माझा करार संपवायचा असेल तर तोही संपवावा, मात्र कारण खरे लिहावे.

७. करार अद्याप चालू असल्याने काम थांबवलेले नाही. योजनेतील उरलेल्या अकरा गावांपैकी तीन गावांना मी काल हाच वर्ग लावला. दोन लाल आहेत. उद्या सकाळी बिभीषण व मी तिकडे मोजणीला जात आहोत. आपण सोबत यावे, ही विनंती.

आपली नम्र, परंतु या बाबतीत ठाम,

(सही)
जरीना मुजफ्फर तांबोळी
अहिल्यानगर, दि. १७/०२/२०२५

सोबत :
१) सहा ठिकाणच्या दाबाच्या नोंदी
२) खोदकामाचा पंचनामा, ग्रामसेवकांच्या सहीसह
३) पासवर्डचे बंद पाकीट
४) लाल झालेल्या दोन गावांचे आराखडे