खोट लाइनीत आहे

२ मार्च, सकाळ.
पुढे कधी हे वाचून घेशील तेव्हा विचारशीलच, असलं कुणी लिहून ठेवलं म्हणून. बाई, तूच. चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधते ती तू, म्हणजे मी. एवढं तरी लक्षात ठेव : अक्षर सुनेचं, अक्कल माझी. तिला बजावलंय, जसं बोलेन तसं लिही, मध्ये शहाणपण नको.
संकल्प : पंधरा तारखेला लेकीकडे जायचं. चांगलं चार-सहा महिने राहायचं. फोनवर कळवलं. बघते आणि सांगते, म्हणाली. यात बघायचं काय? आईला काय पहिल्यांदा बघणार आहे? आनंदाने सुचलं नसेल बिचारीला.

५ मार्च.
उत्तर नाही. फोन वाजतो, वाजतो आणि मरतो. एकदा उचलला, तर म्हणे आई, आवाज तुटतोय. मला मात्र तिच्याकडे भांडी घासल्याचा आवाजसुद्धा स्वच्छ येत होता. म्हणजे खोट लाइनीत आहे.
लाइनीतला माणूस घरातच आहे म्हणा. धाकटा मुलगा नेटवर्कचा इंजिनीअर. कंपनीची ऑफिसं गावोगाव, आणि हा जेवणाच्या टेबलावर बसून त्यांना हाका मारतो. त्याला पिंग म्हणायचं. इथून विचारायचं, आहेस का? तिकडून येतं, आहे. जाऊन यायला किती वेळ लागला तो मोजायचा, त्याला लेटन्सी म्हणायचं आणि साहेब म्हणवून घ्यायचं. एवढं शिकून करायचं काय, तर आहे का कुणी घरात! हे मी न शिकता करते, तेही जिना न चढता, खालूनच.

७ मार्च, दुपार.
डोळे मिटून पडले होते. धाकट्याला वाटतं मी झोपते. नव्या पोरीला तो फोनवर शिकवत होता, ते सगळं ऐकलं. म्हणे इथून मोजलं की अख्खा रस्ता एकदम मोजला जातो, नेमका उशीर कुठे होतो ते कळत नाही. म्हणून लांबच्या गावच्या राउटरमध्ये, म्हणजे रस्ता दाखवणाऱ्या पेटीत, इथूनच शिरायचं आणि तिला हुकूम सोडायचा : आता तू तुझ्या शेजारणीला पिंग मार आणि मला कळव.
हात्तिच्या. एका जावेला पुढे करून दुसरीच्या पोटातलं काढायचं, हे मी लग्न होऊन आल्यापासून करते. मला कुणी इंजिनीअर म्हटलं नाही.
थोरला लेकीच्या मागच्याच गल्लीत राहतो. त्याला हुकूम सोडला : तिथून तिला फोन लाव, कितव्या रिंगला उचलते ते कळव.

८ मार्च.
थोरल्याचा रिझल्ट. पहिल्याच रिंगला उचलला. गप्पा झाल्या, हसणं-खिदळणं झालं. माझा विषय काढलास का, विचारलं. काढला, म्हणाला, तेव्हापासूनच आवाज तुटायला लागला.
घ्या. गल्लीतल्या गल्लीतसुद्धा माझं नाव आलं की लाइन बसते. केवढी नाजूक असेल.
सून खाली मान घालून हसतेय. हसणं लिहायचं नसतं.

१० मार्च.
एकाच राउटरवर विसंबू नये, हे धाकट्याचंच वाक्य. लेकीच्या घराखाली इस्त्रीवाला बसतो. मागच्या वेळी राहिले होते तेव्हापासून आमची ओळख. जावई दातांचा डॉक्टर, दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. बाहेरच्या बाकावर बसून मी पेशंटना धीर द्यायची. कुणाला किती दुखेल ते आधीच सांगून ठेवायची. कितीतरी जण माझं ऐकूनच बरे व्हायचे आणि उठून घरी जायचे. जावई बोलून दाखवत नाही, पण उपकार जाणून असणार.
तर इस्त्रीवाल्याला फोनवर सांगितलं, वर जा, बेल वाजव. दार लगेच उघडलं, म्हणाला. कपडे मागितले, दिले. मग याने तिला म्हटलं, आजी विचारतात, कधी येऊ? तर दार लागलं. त्याचं बोट थोडक्यात वाचलं.
निष्कर्ष : बेल ठीक, दार ठीक, लेक ठीक. दोन गावांमधला रस्ता तेवढा खराब.

११ मार्च.
धाकट्याला म्हटलं, मोज तो रस्ता. मीटिंग आहे, म्हणाला. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. मोजला. पापणी लवायच्या आत उत्तर येतंय, म्हणाला, रस्ता आरशासारखा आहे. मग खुर्ची वळवून मलाच शिकवायला लागला. आई, राउटरचं खरं काम लोकांचा माल पुढे पोचवायचं. पिंगला उत्तर देणं सवडीचं. कामात असला की तो पिंगला ताटकळत ठेवतो. आणि एखाद्या ठिकाणची हाक नकोच असेल, तर ती गिळून गप्प बसतो. तसं त्याला सांगून ठेवता येतं.
असला उद्धट राउटर मी दारात उभा केला नसता, म्हटलं. त्याने सुनेकडे बघितलं आणि खुर्ची परत वळवली. मीटिंग आठवली असणार.

१२ मार्च.
ट्रंक भरून तयार. सून सकाळपासून राबतेय. उन्हाळ्याचे, थंडीचे, सगळेच कपडे त्यात भरले तिने. फोन वाजला की माझ्याआधी धावते, वन्संचं उत्तर आलं का म्हणून. किती माया करावी माणसाने.
मग एक हुशारी केली. तिच्या फोनवरून लावला. पहिल्या रिंगला, बोल वहिनी. फोन मी घेतला. लगेच खरखर. खरखर कुणीतरी तोंडाने केल्यासारखी वाटली, पण हल्लीची मशिनं माणसासारखेच आवाज काढतात.

१४ मार्च, संध्याकाळ.
उत्तर आलं. धाकट्याच्या फोनवर. तो टेबलावर फोन ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा बोलतो, आणि मी समोरच बसले होते, हे लेकीला काय माहीत. म्हणाली, आईला म्हणावं ये, पण शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर, आणि सोमवारी उघडायच्या आत मी परत आणून सोडते. जास्त नको रे. पेशंट अजून दारातून डोकावून विचारतात, त्या आजी आहेत का, आणि नाहीत म्हटलं तरच आत येतात. हे म्हणालेत, एक तर आई राहतील, नाहीतर दवाखाना. मी काय करू, सांग. इतके दिवस खरखर करून माझा घसा बसला.
आवाज कुठे तुटत नव्हता. एक शब्द गळला नाही.
धाकट्याने फोन ठेवला. आई, ऐकलंस ना, म्हणाला.
नाही, म्हटलं. लाइन खराब आहे.

१५ मार्च.
जायचं रद्द केलं. मीच केलं. दोन दिवसांसाठी कोण ट्रंक उचलणार? सून कपडे परत कपाटात लावतेय. तोंड एवढंसं झालंय. मी राहणार, हा आनंद एकदम पेलत नसेल. वरून मला म्हणते, शनिवार-रविवार तरी जाऊन या ना आई.
असो. लेकीला निरोप लिही : मला इथे कामातून सवड नाही, वाट बघू नकोस. थोरला येईल त्याच्याबरोबर संत्री पाठव. ती बिनबियांची नकोत. भरपूर बियांची बघून घे. एकेक बी काढत बसलं की दुपार जाते.