नावेत माणसं चारच

माय,

मी परभणीला गेलेय. दुपारच्या गाडीनं पिंगळीला येते, भाकर झाकून ठेव.

काल कोकणच्या सहलीवरनं तुला "नको येऊस मग, बस घरीच" म्हणले ते चुकलं माझं. मला वाटलं तू समुद्राला भ्यायलीस. आज सकाळी तू पूजेला बसलीस तवा दिसलं, गळ्यातला इष्टलिंगाचा दोरा पार विरलाय. नाव हलली, दोरा तुटला आन इष्टलिंग खाडीत पडलं तर, हाच घोर हाय ना तुला? मग तसं सांगायचं की. उगं मळमळ व्हते म्हणलीस. शाळा सोडली मी, डोळे न्हाई सोडले.

कोकणातल्या त्या अभयारण्याच्या नाववाल्या काकाला फोन लावला. ते म्हणले, "पोरी, तरंगायचं जाकीट सगळ्यालाच घालावं लागतंय, पट्टे छातीवर आवळून. आतलं काई भाईर येत न्हाई." ऐकून लय हलकं वाटलं बघ.

आपण धरलेली दुपारची वेळ मातर चुकली. त्या दिशी तवा ओहोटी असती, नाव चिखलात बसती. आपल्याला वाटलं पाणी तळ्यासारखं जागेवरच असतंय. आता सकाळी आठची घेतली.

मठाजवळच्या दुकानातून नवा दोरा आणते. तूच ओव, मी हात लावत न्हाई.

मल्लेशदादा तुझी नावेतली सीट रद्द करायला निघाला तर त्याला सांग, तुझ्या शिवीनं नाववाल्याला चार माणसं कळवली.

माझ्यासंग बोलायचं नसलं तर नको बोलू. पर इस्तरी केलेली जांभळी साडी पेटीत परत घालू नकोस. ती बी मी बघितली.

शिवकन्या