समोरची खोली आणि फळ्यावरचं वाक्य

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल ज्यांना हा कागद वाचावा लागेल त्यांची आधी माफी मागतो. चार वर्षांपासून लिहीन लिहीन म्हणत होतो. कधी पेन सापडत नव्हता, कधी धीर.

मी, यशवंत वामन कळंबे, वय ७४, शिक्षण सहावी पास, धंदा संत्र्याची कलमं बांधणे, राहणार सौंसर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझं डोकं ठिकाणावर आहे. परवाच डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब जास्त निघाला, पण तो मुलामुळे. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेलं नाही. आधार कार्डावर ‘यशवंतराव’ लिहिलं आहे, तोही मीच. त्यावरून कोणी भांडू नये. सौंसर मध्य प्रदेशात, कचेरीत हिंदी चालते. श्रीकांत वकिलांनी याचं हिंदी करून द्यावं, पण एक शब्द गाळू नये. ते म्हणतात, "काका, मृत्युपत्रात राग लिहीत नसतात." मग राग कुठे लिहायचा?

कलमं जन्मभर बांधली, कागदावर पहिल्यांदाच लिहितो. चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

कलम १. घराच्या मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेतली सगळी बचत माझी पत्नी शकुबाई हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी उठवू नये. "म्हातारपणी कलेक्टर होऊन राहिले का?" असं मी इंग्रजी शिकायला निघालो तेव्हा तिने भर अंगणात मला विचारलं होतं. ते मी माफ केलं.

कलम २. मोहगाव रस्त्यावरची एक एकर संत्र्याची बाग मुलगा विनोद याला. ती त्याला मुलगा म्हणून मिळते, मास्तर म्हणून नाही.

कलम ३. रस्त्याकडे दार असलेली समोरची खोली. घर माझ्या कमाईचं आहे, वाडवडिलांचं नाही, म्हणून खोली कोणाला द्यायची हे मी ठरवतो. विनोद तिथे अकरा वर्षं इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवतो. ही खोली मी विनोदला देत नाही. कारण लिहितो, म्हणजे उद्या ‘बुढ्ढा सटकला होता’ असं कोणी म्हणू नये.

विनोदची मुलगी उर्वशी तीन वर्षांची झाली तेव्हा त्याने घरात नियम केला : पोरीशी फक्त इंग्रजी. त्या दिवसापासून शकुबाई मुकी आणि मी मुका. एका छपराखाली राहून नातीला ‘जेवली का’ विचारायची चोरी. म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मी त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. वर्गाचाही नियम तोच. मराठी शब्द तोंडातून निघाला की उभं राहायचं. पोरं अर्धा तास उभी आणि अर्धा तास गप्प. त्यालाच तो शिस्त म्हणतो.

चौथ्या दिवशी त्याने मला इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय करून राहिले? मी मनात जुळवलं : मी बसून राहिलो, म्हणजे बसलो आहे. बसणे म्हणजे सिट, राहणे म्हणजे रिमेन. उभा राहून मोठ्याने बोललो, "आय सिटिंग रिमेन." वर्ग हसला. पोरं हसतात, त्याचं काही नाही. पण विनोदने फळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने ते वाक्य लिहून काढलं आणि त्यावर फुली मारली. दर वर्षी नवीन पोरं आली की म्हणतो, "असं बोलाल तर माझ्या बाबांसारखे संत्र्याखाली बसाल." बसस्टँडवर मला पोरं विचारतात, "काका, सिटिंग रिमेन का?" सहा वर्षं झाली. पेंट चांगला होता.

त्या वर्गात तेव्हा सुप्रिया शिकवायची, पांढुर्ण्याच्या गौतम मेश्रामांची मुलगी. दुसऱ्या दिवशी तिने मला थांबवून घेतलं. म्हणाली, "काका, तुमचं जुळवणं बरोबर हाय. आपल्या ‘राहिलो’चं काम तिकडे ‘ॲम’ करते. रिमेन काढा, ॲम ठेवा. आय ॲम सिटिंग. झालं." एवढंच होतं. मला रडू आलं, ते तिने पाहिलं नाही असं दाखवलं. पुढे मराठीतून समजावते म्हणून विनोदने तिला काढून टाकलं.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर आपण संत्र्याचा डोळा बांधतो. डोळा धरून फुटेपर्यंत जंबेरीचा शेंडा कोणी कापत नाही. विनोद पोरांची मराठी पहिल्याच दिवशी कापतो, आणि वर विचारतो, इंग्रजी फुटत का नाही? हे त्याला मी दहादा सांगितलं. "बाबा, तुम्ही कलमं बांधा ना, इथं कायले डोकं लावता?" हे त्याचं उत्तर.

आणि मागच्या महिन्यातलं. उर्वशी आता नऊ वर्षांची आहे. सकाळी कानाला हात लावून ती बापाकडे गेली. "इअर," म्हणाली. विनोद म्हणाला, "पूर्ण वाक्य बोल." पोरगी पुन्हा "इअर, इअर" म्हणाली आणि परत फिरली. दुपारी ती माझ्या खाटेपाशी आली, दाराकडे पाहिलं आणि माझ्याच कानात बोलली, "आबाजी, कान लय दुखून राहिला." तेव्हा तिच्या कानातून पू येत होता. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच का नाही आणलं? मी काय सांगणार, पोरीचं वाक्य पूर्ण होत नव्हतं?

म्हणून समोरची खोली, बाकं आणि फळा सुप्रिया गौतम मेश्राम हिला, वर्ग चालवण्यासाठी.

कलम ४. कलम बांधायचा माझा चाकू, त्याला धार लावायचा दगड आणि चामड्याची पिशवी उर्वशीला, मोठी झाल्यावर. प्रत्येक वस्तूला आपल्यात काय म्हणतात, ते शकुबाईने तिला सांगावं.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. वाचून, पुन्हा वाचून सही करतो.

यशवंत वामन कळंबे

साक्षीदार : १. दादाराव किसन धोटे, शेजारी. (सही केली, पण "विनोदले माझं नाव नको सांगू बाप्पा" म्हणाले. नाव लिहिणं भाग आहे.)
२. पुष्पा मोतीराम गजभिये, अंगणवाडी सेविका.

ठिकाण सौंसर, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ता. क. विनोद, याची एक प्रत तुझ्या टेबलावर ठेवली आहे. शुक्रवारी मी हे रजिस्टर करायला जाणार. त्याआधी फळ्यावरचं वाक्य खरवडून काढ आणि पोरीला जसं येईल तसं बोलू दे. तसं केलंस तर कलम ३ बदलून लिहीन : खोली दोघांची, सकाळी सुप्रियाची, संध्याकाळी तुझी. त्याहून जास्त मागू नको. निरोप उर्वशीच्या तोंडून पाठव, तिच्या मनाला येईल त्या भाषेत. पण लवकर पाठव, शुक्रवार दूर नाही. तोवर मी ओसरीवर बसून राहिलो.